जुन्या स्पोर्ट्स कारच्या रबरी नळ्या : झीज, पारख आणि बदल

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत तयार होत राहिलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारच्या, उघडी आणि कायम छताची अशा दोन्ही प्रकारांच्या मिळून, पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यांपैकी पुष्कळ आजही रस्त्यावर धावतात. अशी गाडी पुन्हा उभी करताना मालकाचा पैसा आणि वेळ बहुधा रंगकाम, क्रोमचे भाग, कार्ब्युरेटर आणि बैठकींचे चामडे यांवर खर्च होतो. इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणाऱ्या काळ्या रबरी नळ्या मात्र बाहेरून धडधाकट दिसतात म्हणून तशाच ठेवल्या जातात. हे दुर्लक्ष महागात पडते, कारण अशा नळीचे आयुष्य गाडी किती मैल धावली यापेक्षा रबर किती वर्षांचे झाले यावर अधिक अवलंबून असते आणि तिची झीज अनेकदा आतल्या बाजूने, म्हणजे नजर पोचत नाही अशा ठिकाणी, सुरू होते. वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर पडणारी, एरवी आच्छादनाखाली जपून ठेवलेली गाडी या बाबतीत रोजच्या वापरातील गाडीपेक्षा सुरक्षित असते, असे म्हणता येत नाही.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढाच भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातील बराच भाग धुराबरोबर बाहेर जातो आणि जवळजवळ तितकाच भाग सिलिंडरच्या भिंतींतून व हेडमधून शीतकात, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात किंवा कूलंटमध्ये, उतरतो. एमजीबीचे १७९८ सीसी क्षमतेचे चार सिलिंडरी इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरीज’ या घराण्यातले असून त्याचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे आहेत. सिलिंडरांभोवती ओतकामातच ठेवलेल्या पोकळ्यांतून कूलंट फिरते, हेडमधून वर चढते आणि पुढच्या बाजूला थर्मोस्टॅटपाशी येते. थर्मोस्टॅट ही तापमानावर आपोआप उघडणारी झडप होय. तिच्यातील मेण ठरलेल्या तापमानाला वितळून प्रसरण पावते आणि झडप उचलते. या गाडीसाठी सर्वसाधारणपणे ८२ अंश सेल्सिअसला उघडणारी झडप नेमलेली होती. तिथून गरम कूलंट वरच्या नळीने रेडिएटरच्या माथ्यावर जाते, पितळ-तांब्याच्या बारीक नळ्यांतून खाली उतरताना निवते आणि खालच्या नळीने वॉटर पंपाकडे परत येते.

हे इंजिन भारतीय मेकॅनिकला परके नाही. याच घराण्यातील १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन एमजीबीच्या आधीच्या, १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होते आणि तेच पुढे उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनणाऱ्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये कित्येक वर्षे बसवले जात होते. त्यामुळे ज्या हातांनी अ‍ॅम्बेसेडरचे हेड उतरवले, तिचे वॉटर पंप बदलले आणि घाटात उकळलेली गाडी पुन्हा चालती केली, त्या हातांना एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर बहुतेक सर्व गोष्टी ओळखीच्या वाटतात.

कूलंटच्या या वर्तुळात रबराची गरज का पडते, हे समजून घेतले पाहिजे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते आणि वेग घेताना किंवा गिअर बदलताना ते आपल्या जागी डोलते. रेडिएटर मात्र गाडीच्या सांगाड्याला घट्ट बांधलेला असतो. या दोहोंना धातूच्या ताठ नळीने जोडले तर तो ताण रेडिएटरच्या पातळ पितळी तोंडावर येईल आणि तिथला डाख लवकरच सुटेल. ही हालचाल रबरी नळी झेलते. एमजीबीत वरची आणि खालची अशा दोन मोठ्या नळ्या असतात. त्याशिवाय बैठकीच्या भागात ऊब आणणाऱ्या हीटरसाठी बारीक व्यासाच्या नळ्या असतात; हेडच्या मागच्या टोकाला असलेल्या झडपेतून एक नळी हीटरकडे जाते आणि परतीचे कूलंट इंजिनाच्या कडेने आलेल्या धातूच्या नळीतून, पंपाच्या अलीकडे, खालच्या प्रवाहाला येऊन मिळते. एमजीबीचीच धाकटी भावंडे मानता येतील अशा स्प्राइट व मिजेट या गाड्यांच्या ए-सीरीज इंजिनांत हेड आणि वॉटर पंप यांच्या मध्ये बोटभर लांबीची आणखी एक नळी असते. थर्मोस्टॅट बंद असतानाही हेडमधले पाणी फिरते राहावे, एखाद्या कोपऱ्यात साचून उकळू नये, यासाठी ती ठेवलेली आहे. पण ती इतक्या अडचणीच्या जागी आहे की तिथे सरळ नळी हेड न उतरवता बसवणे अवघड जाते आणि म्हणून बहुतेक जण घड्या पडलेली, दाबून आखूड करता येणारी नळी वापरतात.

शीतनाचे वर्तुळ बंद असते आणि त्यात मुद्दाम दाब राखलेला असतो. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते. सुरुवातीच्या एमजीबीत ती दर चौरस इंचाला ७ पौंड दाबाची होती, पुढे १० पौंडांची आली. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. वातावरणाच्या दाबावर आणखी १० पौंडांचा दाब असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. याचा फायदा इंजिनाला मिळतो आणि भार नळीवर पडतो, कारण या साऱ्या व्यवस्थेत तीच सर्वांत मऊ आहे. जुन्या गाडीला उकळण्याचा त्रास होतो म्हणून अधिक दाबाचे झाकण लावण्याचा उपाय काही जण करतात. तो सर्वस्वी गैर आहे, कारण त्यामुळे मूळ दोष तसाच राहतो आणि जीर्ण नळीवरचा ताण तेवढा वाढतो. उकळत्या तापमानाजवळ असलेल्या गाडीचे झाकण उघडले की दाब एकाएकी उतरतो, कूलंट त्याच क्षणी उकळून उसळते आणि हात व चेहरा भाजतो, हा धोकाही याच तत्त्वातून येतो.

आता रबराकडे वळता येईल. रबराच्या झाडाच्या चिकापासून मिळणारा कच्चा पदार्थ उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतो. त्यात गंधक मिसळून तापवले असता त्याच्या लांबलचक रेणूंमध्ये आडवे दुवे तयार होतात आणि तो लवचिक व टिकाऊ बनतो. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ साली अमेरिकेत पेटंट घेतलेली ही क्रिया व्हल्कनीकरण म्हणून ओळखली जाते. नैसर्गिक रबराच्या आणि त्याच्या जागी आलेल्या जुन्या कृत्रिम रबराच्या रेणूंच्या मुख्य साखळीत कार्बन अणूंचे दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमक्या याच बंधांवर हल्ला करतो आणि रबर जिथे ताणलेले असेल तिथे, म्हणजे नळीच्या बाकावर किंवा क्लिपच्या कडेला, बारीक भेगा पडतात. उष्णतेत ऑक्सिजनमुळे नवे आडवे दुवे बनत राहतात आणि नळी कडक होत जाते. १९६०च्या दशकात व्यापारी प्रमाणावर आलेल्या ईपीडीएम या रबरात मुख्य साखळी दुहेरी बंधांपासून मुक्त असते, म्हणून ते ओझोन, उष्णता आणि वाफ यांना कितीतरी अधिक काळ दाद देत नाही. आज चांगल्या प्रतीच्या काळ्या नळ्या याच रबराच्या असतात आणि त्यांच्या थरांमध्ये दाब पेलण्यासाठी सुताची वीण घातलेली असते.

तरीही ईपीडीएम अजर नाही, आणि त्याचे कारण रबरात मिसळलेल्या काजळीत आहे. रबराला बळकटी देण्यासाठी घातलेली ही काजळी विजेची वाहक असते. धातूचे तोंड, कूलंट आणि नळी यांच्यामधून अतिशय क्षीण विद्युतप्रवाह वाहतो आणि नळीच्या आतल्या पृष्ठभागावर, विशेषतः दोन्ही टोकांजवळ, लांबीच्या दिशेने सूक्ष्म चिरा पडत जातात. कूलंट त्या चिरांतून विणीपर्यंत झिरपते, उष्णता आणि दाब यांमुळे वीण कुजते, आणि बाहेरचा थर काळाभोर व तुकतुकीत असतानाच एखाद्या दिवशी नळी क्लिपजवळ उभी फाटते. विद्युतरासायनिक झीज या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नळ्या बनवणाऱ्यांनी अभ्यासला आणि त्याला तोंड देणारी मिश्रणे बाजारात आणली. जुन्या घाटाच्या गाड्यांसाठी आज बनणाऱ्या सर्वच नळ्यांत ती मिश्रणे वापरलेली असतात असे धरून चालू नये. दुसरा शत्रू इंजिन ऑइल हा आहे. ईपीडीएमला खनिज तेल सोसत नाही, ते फुगते आणि मऊ पडते. थोडेफार ऑइल गळणे हा त्या काळच्या ब्रिटिश इंजिनांचा स्वभावच असल्याने खालच्या नळीवर तेलाचा थर साचलेला असणे ही नित्याची गोष्ट आहे.

नळीची पारख हाताने करावयाची असते, आणि ती इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये नळी प्रथम मध्यभागी दाबावी आणि नंतर क्लिपपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत दाबावी. टोकाजवळचा भाग मधल्या भागापेक्षा लिबलिबीत लागला, किंवा आत एखादी फट किंवा खोबण असल्याचे बोटांना जाणवले, तर आतून चिरा पडल्या आहेत असे समजावे. दाबताना कुरकुर असा आवाज आला किंवा नळी मुळीच दबली नाही तर ती उष्णतेने कडक झाली आहे. दाबल्यावर चिकट लागली आणि फुगीर दिसली तर तेलाने खाल्ली आहे. क्लिपच्या कडेला पांढरट किंवा हिरवट पापुद्रा जमलेला असेल तर तिथून कूलंट पाझरून वाळत आहे. खालच्या नळीची परीक्षा निराळी आहे. ती पंपाच्या शोषणाच्या बाजूला असल्यामुळे तिच्यावर आत ओढणारा ताण येतो. रेडिएटर अर्धवट तुंबलेला असेल आणि नळी मऊ पडलेली असेल तर इंजिन जोरात फिरत असताना ती चपटी होते, प्रवाह अडतो, आणि गाडी शहरात ठीक पण महामार्गावर गरम अशी विचित्र तक्रार उद्‍भवते. काही नळ्यांत यासाठी तारेचे वेटोळे घातलेले असते, परंतु ते गंजून तुटले असेल तर त्याचा उपयोग राहत नाही. नळ्यांचे वय माहीत नसेल तर चाचणीत बऱ्या वाटलेल्या नळ्याही बदलून टाकणे हेच शहाणपणाचे, कारण सगळ्या नळ्यांचा मिळून खर्च एका हेड गॅसकेटच्या कामापुढे अगदी किरकोळ असतो.

नव्या नळ्या घेताना सिलिकोनच्या नळ्यांचा मोह पडतो. उष्णता आणि विद्युतरासायनिक झीज यांना सिलिकोन उत्तम तोंड देते, यात वाद नाही. परंतु त्यातून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते, तेलापुढे तेही कच्चे ठरते, आणि त्याचा पृष्ठभाग मऊ असल्याने साध्या खाचांच्या क्लिप त्यात रुततात. रस्त्यावर चालवायच्या एमजीबीसाठी नामांकित बनावटीची, मूळ घाटात घडवलेली ईपीडीएम नळी अधिक योग्य ठरते. सिलिकोन वापरायचेच असेल तर आतून गुळगुळीत पट्टी असलेल्या क्लिप घ्याव्यात. जुन्या गाड्यांवर नेहमी दिसणारी, स्क्रू फिरवून आवळायची पट्टीची क्लिप ही ब्रिटिश नौदलातील कमांडर लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ साली शोधलेली असून ‘ज्युबिली क्लिप’ हे तिचे व्यापारी नाव इंग्लंडमध्ये जातिवाचक होऊन बसले आहे. हिच्या पट्टीवरील खाचा आरपार कापलेल्या नसतात, दाबून उठवलेल्या असतात, म्हणून ती रबराला कापत नाही. तिच्या स्वस्त नकलांत पुष्कळदा आरपार खाचा असतात आणि आवळताना रबर त्यांतून वर येऊन चिरले जाते. गाडी प्रदर्शनात मूळ रूपात ठेवायची असल्यास पूर्वीच्या तारेच्या क्लिप लावणे समजण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष कामाला आरंभ कूलंट काढण्यापासून होतो. हीटरची झडप उघडी ठेवून रेडिएटरचे झाकण काढावे, आणि जिथे रेडिएटरला खाली तोटी असेल तिथे ती, नसेल तिथे खालची नळीच सोडवून, कूलंट रुंद भांड्यात घ्यावे; सगळे मिळून साधारण साडेपाच ते साडेसहा लिटर भरते. ब्लॉकच्या उजव्या बाजूला मागे आणखी एक तोटी असते. तिचे महत्त्व मोठे आहे, कारण बिडाचा गंज आणि गाळ मागच्या सिलिंडरभोवती तळाला बसतो आणि तो इतर कोणत्याही वाटेने बाहेर पडत नाही. ही तोटी उघडूनही काही आले नाही तर ब्लॉक रिकामा झाला असे मानू नये. बहुधा गाळाने तोंड बुजलेले असते आणि तारेने टोकरल्यावर प्रथम तांबूस चिखल आणि मग पाणी येते. हीटरमधील कूलंट या दोन्ही तोट्यांनी पूर्ण निघत नाही, ते नळ्या सोडवल्यावर निघते.

जुनी नळी काढण्याच्या टप्प्यावर सर्वाधिक नुकसान होते. वर्षानुवर्षे एका जागी बसलेले रबर धातूला अक्षरशः चिकटलेले असते, आणि ते पिळून किंवा पेचकस घालून उचकटून काढू गेल्यास रेडिएटरचे डाखलेले तोंड वाकते, डाख तडकतो, किंवा हीटरच्या गाभ्याची नळी मुडपते. हीटर बाहेर काढणे हे एमजीबीवरील सर्वांत कंटाळवाण्या कामांपैकी एक असल्याने हा धोका पत्करू नये. नळी नाहीतरी टाकूनच द्यायची असते, तेव्हा धारदार सुरीने तिला टोकाकडून लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि साल सोलल्याप्रमाणे ती बाजूला करावी. सुरी धातूपर्यंत टेकवू नये, कारण पितळावर किंवा थर्मोस्टॅटच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कोपरावर पडलेला उभा ओरखडा म्हणजे कायमची गळती. चीर दिल्यावर उघड्या पडलेल्या तोंडावर रबराचे काळे अवशेष आणि त्यांखाली क्षरणाचे खडबडीत चट्टे दिसतात. बारीक पॉलिश पेपर तोंडाभोवती गोल फिरवून ते गुळगुळीत करावे. अ‍ॅल्युमिनियमला खोल खळगे पडलेले असतील तर नवी नळी आणि कितीही आवळलेली क्लिप यांनी ते भरून निघत नाहीत. तो भागच बदलावा लागतो. थर्मोस्टॅट आणि त्याचे गॅसकेट याच वेळी नवे घालावे, फॅन बेल्टही पाहून घ्यावा, आणि ब्लॉक व रेडिएटर साध्या पाण्याने, शक्यतो नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, स्वच्छ निथळ येईपर्यंत धुवावेत.

नवी नळी आधी कोरडीच बसवून पाहावी. ती पंख्याच्या पात्यांना, धुराच्या नळीला किंवा एखाद्या धारदार कडेला लागत नाही, बाकावर मुडपत नाही आणि तिच्यात पीळ पडत नाही, याची खात्री झाली की मगच दोन्ही क्लिप तिच्यावर ओवाव्यात. हे विसरले तर बसवलेली नळी पुन्हा काढावी लागते. आत सरकण्यासाठी थोडे कूलंट किंवा साबणाचे पाणी लावावे, ग्रीस किंवा ऑइल मात्र कधीच लावू नये, त्याचे कारण वर आलेच आहे. धातूच्या तोंडाला काठाजवळ एक उंचवटा असतो. नळी तो ओलांडून पुरेशी आत गेली पाहिजे आणि क्लिप त्या उंचवट्याच्या पलीकडे, पण नळीच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटर आत, बसली पाहिजे. उंचवट्यावरच आवळलेली क्लिप रबराला कापते, आणि त्याच्या अलीकडे आवळलेली क्लिप दाबाखाली नळी निसटू देते. स्क्रूचे डोके पुढेमागे पेचकस पोचेल अशा बाजूला ठेवावे. क्लिप किती आवळावी याचा निकष रबर पट्टीच्या दोन्ही बाजूंनी किंचित फुगून येणे हा आहे; त्यापुढे जोर केल्यास पातळ पितळी तोंड आत दबते.

भरताना पितळ-तांब्याच्या रेडिएटरला मानवणारे, सिलिकेटयुक्त पारंपरिक प्रकारचे इथिलीन ग्लायकॉल कूलंट ऊर्ध्वपातित पाण्यात निम्मे-निम्मे मिसळून घ्यावे. बर्फ न पडणाऱ्या मुलखात, उदाहरणार्थ महाराष्ट्रात, गोठण्याची भीती नाही म्हणून नळाचे किंवा विहिरीचे पाणी भरण्याची सवय आहे. परंतु गंज रोखणारी द्रव्ये कूलंटमध्येच असतात आणि जड पाण्यातील क्षार हेडच्या अरुंद वाटांत साचतात, तेव्हा उष्ण प्रदेशातही कूलंटच हवे. तशीच दुसरी सवय थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. त्यामुळे घाट चढताना इंजिन थंड राहते असे वाटते. पण मूळ दोष तुंबलेल्या रेडिएटरचा असतो, आणि थर्मोस्टॅटविना इंजिन थंडीच्या सकाळी कितीतरी वेळ योग्य तापमानाला येत नाही, त्यामुळे पेट्रोल अधिक लागते व सिलिंडर झिजतात.

गाडीचा पुढचा भाग थोडा उचलून, हीटरची झडप उघडी ठेवून, कूलंट सावकाश ओतावे आणि वरची नळी मधूनमधून हाताने दाबत राहावी, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने झाकणाकडे येते. हवा आत राहिल्यास काय होते, हे तापमान दाखवणाऱ्या काट्यावरून नीट कळतेच असे नाही. सुरुवातीच्या एमजीबीत हेडमध्ये बसवलेल्या द्रवाच्या कुपीला बारीक तांब्याच्या नळीने जोडलेला काटा आहे. ती कुपी कूलंटमध्ये बुडालेली असेपर्यंतच तिचे सांगणे खरे असते. नळी फाटून कूलंट निघून गेले की कुपी हवेत किंवा वाफेत राहते आणि हेड लालबुंद होत असतानाही काटा खाली उतरू शकतो. काटा अकारण खाली आला तर गाडी ताबडतोब थांबवावी, कारण आणखी दोन-चार मिनिटांत हेड वाकते किंवा झडपांच्या बैठकींमध्ये त्याला तडा जातो.

भरून झाल्यावर झाकण लावून इंजिन सुरू ठेवावे आणि वरच्या नळीवर हात ठेवावा. थर्मोस्टॅट उघडताच कोमट नळी एकदम चटका देऊ लागते, आणि तसे झाले म्हणजे प्रवाह सुरू झाला असे समजावे. त्यानंतर इंजिन पूर्ण निवू देऊन पातळी पुन्हा पाहावी, ती हमखास उतरलेली असते. नवे रबर पहिल्या काही तापण्या-निवण्यांत दबते, म्हणून पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सगळ्या क्लिप थंड इंजिनावर एकदा आवळून घ्याव्यात आणि नळ्या बसवल्याची तारीख गाडीच्या नोंदवहीत लिहावी. पारंपरिक कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये साधारण दोन वर्षांत संपतात, तेव्हा ते त्या मुदतीने बदलावे. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोडसर असते, कुत्री-मांजरी ते चाटतात, आणि त्याच्या थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. ते झाकणाच्या डब्यात बंद करून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे.